पाठ असलेला तक्ता

मुलगी: बसायला नाही आलो, डॉक्टरकाका. बाबांची फाइल द्या, आम्ही निघतो.

चष्मेवाला: अगं, टेकू तर दे. बावीस वर्षं या खुर्चीत बसतोय, आज उभ्याउभ्या जाऊ?

डॉक्टर: बस रे, भिंगोबा. खुर्ची तुझ्या डावीकडे.

चष्मेवाला: माहितीय. डावा डोळा गेलाय, डावी बाजू नाही गेली.

डॉक्टर: काय म्हणालास?

मुलगी: आज एकोणीस दिवस झाले. सकाळी दाढी करताना मला हाक मारली. म्हणाले, आरशावर शाई सांडलीय, पुसून घे. आरसा स्वच्छ होता.

डॉक्टर: आणि मला आज कळतंय.

मुलगी: तुम्ही बाहेरगावी होतात. दवाखान्याला कुलूप. म्हणून मोठ्या हॉस्पिटलला नेलं. कुलूप होतं ते बरंच झालं.

चष्मेवाला: असं बोलू नये.

मुलगी: का बोलू नये? तिथली डॉक्टर माझ्याहून लहान. बाबांचं नाव तिनं कागदावर बघून घेतलं, एवढी परकी. चार मिनिटं बोलली. त्यात पहिला प्रश्न, डोळ्याचा आतला पडदा शेवटचा कधी तपासला? बाबा ऐटीत म्हणाले, दर वर्षी होतो. ती म्हणाली, कागद दाखवा. कागद कुठला असायला. तिनं थेंब घातले आणि वरच्या मजल्यावर डोळ्यांच्या विभागात पाठवलं.

डॉक्टर: काय निघालं?

मुलगी: दोन्ही पडद्यांवर नाजूक रक्तवाहिन्यांचं जाळं. साखरेमुळे. एका वर्षात होत नाही म्हणाले, फार दिवसांचं आहे. डाव्यात त्यातली एक फुटली आणि रक्त उतरलं. उजव्यात अजून नाही. उजव्याला गुरुवारी लेझर द्यायचाय. तेवढा वाचवायचा. जुने कागद मागितलेत, म्हणून आले. नाहीतर आले नसते.

डॉक्टर: फाइल... थांब. ही घे. वर्षाचं कार्ड पहिल्याच पानाला लावलंय.

मुलगी: वजन. रक्तदाब. साखर. मूत्रपिंड. पाय. डोळे. पायांपुढे लिहिलंय, टाचेला भेग, मलम दिलं. पुढच्या वर्षी, भेग भरली. मूत्रपिंडापुढे आकडे. आणि डोळ्यांपुढे खूण. खालच्या वर्षी खूण. त्याच्या खाली खूण. आकडा नाही, शब्द नाही. अकरा वर्षं, अकरा खुणा.

डॉक्टर: हो.

मुलगी: कुणी बघितले डोळे?

चष्मेवाला: अगं, मीच त्याला सांगायचो की...

डॉक्टर: तू गप्प बस. वाचून घ्यायचो मी. दाराशेजारचा तो तक्ता. त्या टोकाला उभा करायचो. एक डोळा झाकून, मग दुसरा. शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचायचा.

मुलगी: हा तक्ता तुम्हाला दिला कुणी?

डॉक्टर: यानंच. दवाखाना रंगवला तेव्हा.

चष्मेवाला: जोडीनं घेतले होते. एक दुकानाला, एक याला.

मुलगी: चाळीस वर्षं बाबा रोज गिऱ्हाइकांकडून तो वाचून घेतात. गिऱ्हाईक अडलं की तक्त्याकडे पाठ करून पुढचं अक्षर सांगतात. लहानपणी मला झोपवताना म्हणायचे तो, गाणं म्हटल्यासारखा. आणि तुम्ही त्यांना तोच वाचायला लावायचात.

डॉक्टर: अकरा वर्षांत एकदाही डोक्यात आलं नाही.

चष्मेवाला: माझ्या तरी कुठे आलं? खोटं नाही सांगत. आपण वाचतोय असंच वाटायचं मला.

डॉक्टर: आणि खरंच वाचत असतास तरी काय? पडदा आतून खराब होत असतो आणि माणूस शेवटची ओळ वाचत असतो. हे मला माहीत होतं, पोरी. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. बाकी प्रत्येक पेशंटला मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो. चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर उत्तर आणलं नाही तर पुढची गोळी लिहीत नाही.

मुलगी: मग बाबांना का नाही पाठवलं?

डॉक्टर: हा चष्मेवाला. डोळ्यांच्याच धंद्यातला. याच्या डोळ्यांचं मी याला काय सांगणार, असं वाटायचं.

चष्मेवाला: आणि मला वाटायचं, काही करायचं असतं तर हा बोलला असता.

मुलगी: छान. आमच्या कारखान्यात मी बाटल्या तपासते. न बघितलेल्या बाटलीवर 'तपासली'चा शिक्का मारला तर त्याच दिवशी घरी पाठवतात. बाटली रिकामी असली तरी.

डॉक्टर: बरोबर करतात.

चष्मेवाला: झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. मी डॉक्टर बदलणार नाही.

मुलगी: बाबा.

चष्मेवाला: तिथे तीनदा गेलो, तीन वेगळे डॉक्टर. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. किती वर्षं साखर? आई-वडिलांना होती? दारू? सिगारेट? तिसऱ्याला म्हटलं, कॅसेट लावून ठेवा माझी. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

मुलगी: पण पडदा त्यांनीच बघितला.

चष्मेवाला: आणि मला गोळी चुकीची दिली, ते नाही सांगत याला?

डॉक्टर: कुठली गोळी? दाखव पाकीट. ही? ही छोटी पिवळी? कुणी सुरू केली ही?

मुलगी: दुसऱ्या डॉक्टरांनी. साखर फार वाढलीय म्हणाले. तिसऱ्या दिवशी बाबा जेवणाच्या टेबलावर बसल्याबसल्या कलंडले. मी साखरपाणी पाजलं. बंद केली मग.

डॉक्टर: सात वर्षांपूर्वी मी बंद केली होती ही. दुकानात काच घासायच्या यंत्रावर पडला होता, कपाळाला सहा टाके. त्यांना कसं कळणार? तू सांगितलं नाहीस?

चष्मेवाला: गोळीचं नाव कोण लक्षात ठेवतं? तुला माहीत होतं ना.

डॉक्टर: मला माहीत होतं, मला माहीत होतं. तेच तर झालं सगळं. पोरी, बस. फाइल नुसती नेऊन भागणार नाही. माझं अक्षर औषधाच्या दुकानदाराशिवाय कुणाला लागत नाही. मी सांगतो, तू लिही. एका पानात बसवू. जो कुणी समोर असेल त्याला दोन मिनिटांत वाचता आलं पाहिजे.

मुलगी: म्हणजे तुम्ही आम्हाला तिकडे पाठवताय.

डॉक्टर: लिही. पुरुष, वय त्रेसष्ट. मधुमेह बावीस वर्षं, इन्सुलिन आठ वर्षं. खाली ठळक. ही पिवळी गोळी देऊ नये. नाव उतरून घे पाकिटावरचं. साखर एकदम उतरते.

मुलगी: लिहिलं.

डॉक्टर: साखर उतरली की याला घाम येत नाही, हात थरथरत नाहीत. विनोद करायला लागतो. फार विनोद करायला लागला तर आधी साखर द्यावी.

मुलगी: हेसुद्धा लिहायचं?

डॉक्टर: हेच लिहायचं. बाकीचं त्यांना पुस्तकात सापडेल.

चष्मेवाला: मी एरवीही विनोद करतो.

डॉक्टर: एरवी एकाला तरी हसू येतं. पुढे. रक्ततपासणीच्या आधी दोन दिवस जेवण निम्म्यावर आणतो. त्या सकाळच्या आकड्यावर जाऊ नये. तीन महिन्यांची सरासरी बघावी.

चष्मेवाला: तुला माहीत होतं हे?

डॉक्टर: पहिल्या वर्षापासून.

चष्मेवाला: आणि मी तुझ्यासाठी उपाशी राहायचो. आकडा चांगला आला की तुझा चेहरा खुलायचा.

डॉक्टर: मीही चेहरा खुलवायचो. तू दोन दिवस उपाशी राहिलास म्हणून. पोरी, लिही पुढे. पत्नी वारली त्या वर्षी सात महिने इन्सुलिन घेतलं नाही. विचारलं की घेतलं म्हणायचा. सुयांचा डबा मागवला तेव्हा कळलं, सील फोडलेलं नव्हतं.

मुलगी: सात महिने? मला कुणी सांगितलं नाही.

चष्मेवाला: तुझं बाळंतपण जवळ आलेलं. तुला काय सांगायचं?

मुलगी: काका, तुम्ही सांगायचं होतंत.

डॉक्टर: यानं शपथ घातली होती.

मुलगी: तुमचं दोघांचं चांगलं चाललं होतं एकूण. तुम्ही यांना सांभाळायचं आणि यांनी तुम्हाला.

डॉक्टर: पुढचं वाक्य लिही. या अकरा वर्षांत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एकदाही झाली नाही. कार्डावर झाल्याची खूण आहे. ती खूण मी केली. ती खोटी आहे.

चष्मेवाला: ते नको लिहू.

डॉक्टर: लिही.

चष्मेवाला: लिहू नकोस म्हटलं ना. उद्या कुणी हा कागद पुढे धरून जाब विचारला तर? या वयात दवाखाना बंद करून बसायचंय का, डॉक्टरा? माझा डोळा त्या वाक्यानं परत येणार आहे?

डॉक्टर: डावा नाही येणार. पण तिथला डॉक्टर कार्ड बघेल आणि म्हणेल, गेल्या वर्षीपर्यंत चांगलं होतं, म्हणजे एकाएकी झालंय. आणि तिथून पुढे चुकत जाईल. लिहिलंस?

मुलगी: 'ती खोटी आहे.' लिहिलं. हा कागद असला तर मला वेगळी तक्रार लिहायची गरज नाही, काका.

डॉक्टर: वेगळी लिहायची असली तरी लिही. मी थांबवणार नाही.

मुलगी: माझं अजून ठरलेलं नाही.

डॉक्टर: बरं. शेवटचं. डावा डोळा, एकोणीस दिवसांपूर्वी रक्त उतरलं. उजवा डोळा... उजव्यानं दिसतंय ना रे?

चष्मेवाला: दिसतंय की.

डॉक्टर: लिही. उजव्या डोळ्याची नजर चांगली.

मुलगी: 'उजव्या डोळ्याची नजर चांगली.' पुढे?

डॉक्टर: पुढे... थांब.

मुलगी: काय झालं?

डॉक्टर: आत्ता काय केलं मी? त्याला विचारलं आणि तू लिहिलंस. कागदावर त्याच्या खाली मी सही केली असती. बारावी खूण. भिंगोबा, ऊठ. त्या टोकाला उभा राहा.

चष्मेवाला: आता आणखी काय? दिसतंय म्हटलं ना.

डॉक्टर: ऊठ. डावा झाक. पोरी, त्याला कोपराला धरून नेऊन उभं कर, आणि काही बोलू नकोस.

(डॉक्टर तक्ता खिळ्यावरून काढतात, उलटा करून पुन्हा टांगतात.)

चष्मेवाला: काय खुडबुड करतोयस?

डॉक्टर: वाकडा झाला होता. सरळ केला. वाच.

चष्मेवाला: वरून? प. मग न, र. मग ट, ल, म. पुढची ओळ, ग, च, प, द. बारीक सांगू? ह, न, ट, स, र. त्याखाली...

डॉक्टर: पुरे.

चष्मेवाला: शेवटची राहिली.

डॉक्टर: पुरे झालं म्हटलं. मागची बाजू आहे ती. कोरा पुठ्ठा आहे.

मुलगी: बाबा?

चष्मेवाला: तू मला फसवलंस, डॉक्टरा.

डॉक्टर: हो. कधीपासून?

चष्मेवाला: आज जरा ढगाळ आहे, म्हणून...

डॉक्टर: कधीपासून?

चष्मेवाला: परवा सकाळपासून. आधी काळे ठिपके, मुंग्यांची रांग चालल्यासारखे. मग धूर. आज उठलो तर खालचा अर्धा भाग नाहीच. वरून उजेड कळतो. खिडकी कुठे आहे ते कळतं.

मुलगी: परवा. बाबा, त्यांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. उजव्यात ठिपका जरी दिसला तरी त्याच दिवशी या, गुरुवारची वाट बघू नका. तुम्ही मान हलवलीत. मी दोनदा विचारलं, समजलं का? तुम्ही म्हणालात, मला काय डोळ्यांचं शिकवतेस?

चष्मेवाला: म्हणालो खरं.

मुलगी: येताना माझा खांदा धरला होतात. गुडघा दुखतोय म्हणालात.

चष्मेवाला: गुडघाही दुखतोच.

मुलगी: का पण? दोन दिवस. का?

चष्मेवाला: आज फाइल आणायला यायचं ठरलं होतं ना. परवा सांगितलं असतं तर तू मला तडक तिकडे नेऊन झोपवलं असतंस. फाइल आणायला तू एकटी आली असतीस. याला नाही नाही ते बोलून, कागद उचलून गेली असतीस. पुन्हा मला इथे कुणी आणलं असतं? एकदा यायचं होतं मला. याला सांगायचं होतं की माझा राग नाही.

डॉक्टर: फोन करायचास, गाढवा.

चष्मेवाला: फोनवर तुझं तोंड दिसत नाही.

डॉक्टर: आता दिसतंय?

चष्मेवाला: नाही.

मुलगी: मी गाडी बोलावते.

डॉक्टर: बोलाव. आणि मला हॉस्पिटलचा नंबर लावून दे. डोळ्यांच्या विभागात जो कोण आज कामावर असेल त्याच्याशी बोलतो. तोवर ते वाक्य खोड. खोडलेलं दिसलं तरी चालेल. खाली लिही. उजवा डोळा. परवा सकाळपासून ठिपके, आज खालची बाजू दिसत नाही. कोरा पुठ्ठा समोर धरला, पेशंटनं तो पाठ म्हणून दाखवला. तक्त्यावर याची नजर तपासू नये. बोटं दाखवावीत, तीही प्रत्येक वेळी वेगळी.

मुलगी: घाईघाईत लिहितेय. अक्षर वाईट येतंय.

डॉक्टर: येऊ दे. माझ्यापेक्षा बरंच आहे. दे, सही करतो.

चष्मेवाला: डॉक्टरा, खरं सांग. दोन दिवसांनी फरक पडला का?

डॉक्टर: माहीत नाही.

चष्मेवाला: नेहमी म्हणतोस तसं म्हण की. बघू, होईल बरं.

डॉक्टर: नाही म्हणत. माहीत नाही मला. पडला असेल.

चष्मेवाला: चपला कुठेयत माझ्या?

डॉक्टर: वाकू नकोस! मान वर ठेव. चपला मी घालतो तुझ्या. हा पाय. आता तो.

चष्मेवाला: बाहेर पेशंट बसलेत ना तुझे? खोकतंय कुणीतरी.

डॉक्टर: दोघे आहेत. उद्या या म्हणून सांगतो.

मुलगी: तुम्ही येताय?

डॉक्टर: तुझी हरकत असेल तर मागच्या बाकावर बसेन. बोलणार नाही.

मुलगी: नाही, बोला. तिथे चौथा कुणीतरी भेटणार, आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागणार. मला सगळं माहीत नाही, ते आज कळलं. पण बाबांना विचारलं की तुम्ही उत्तर द्यायचं नाही, आणि तुम्हाला विचारलं की बाबांनी नाही. आधी मी बघणार, मग सांगायचं.

डॉक्टर: मान्य.

चष्मेवाला: मला कुणी विचारलं नाही.

मुलगी: तुम्हाला आता वर्षभर कुणी काही विचारणार नाही. गाडी आली. उजवा हात मला द्या, डावा काकांना.

चष्मेवाला: दोन्ही बाजूंनी धरलंय, चोराला नेतात तसं. थांब, डॉक्टरा. उंबरा गेला ना? पुढे पायऱ्या आहेत. किती आहेत रे?

डॉक्टर: बावीस वर्षं चढतोयस तू.

चष्मेवाला: चढलो. मोजल्या कुठे? तू सांग, दवाखाना तुझा.

डॉक्टर: मीही नाही मोजल्या.

मुलगी: थांबा दोघं इथेच. मी खाली जाऊन बघते.